दोन कपाटांचं जग

श्रावण तोंडावर आला की मला जिना उतरायची धास्ती वाटते. गुडघ्यांमुळे नव्हे, गुडघे कधीच गेले. धास्ती वाटते ती एका प्रश्नाची. दरवर्षी कुणी ना कुणी तो विचारतंच. यंदा तळमजल्यावरच्या सूनबाईंनी विचारला. हातात मशरूमचा पुडा, त्यावर तो शाकाहाराचा हिरवा ठिपका, आणि चेहऱ्यावर सासूशी नुकत्याच झालेल्या वादाची लाली.

"काका, तुम्ही जीवशास्त्राचे सर होतात ना? मग तुम्हीच सांगा. हे श्रावणात चालतं की नाही?"

"मला नाही सांगता येणार," मी म्हणालो आणि कठडा धरून खाली उतरलो. म्हातारा विसरला, असं तिला वाटलं असेल. वाटू दे. ज्यानं उभा जन्म मुलांना सजीवांचं वर्गीकरण शिकवलं, त्याला एवढंही सांगता येऊ नये, हे तिला खरं वाटणं कठीणच. विसरलो असतो तर फार बरं झालं असतं.

साठ ते सत्तरच्या मधलं ते कुठलंसं साल. तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि बोईसर नावाचं एक झोपाळू गाव डोळे चोळत उठत होतं. भातखाचरांतून ट्रक जात. ट्रकांमागून चिखल उडे. सातारा, नगर, खानदेश, कुठून कुठून माणसं पोट घेऊन आली होती आणि स्टेशनजवळच्या कौलारू चाळींतून मावेल तशी मावली होती. नळावर सकाळी मराठीच्या चार जाती आणि हिंदीची एक ऐकू येई. मी कोल्हापूरकडचा, नवाकोरा बी.एस्सी., पालघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आलेलो. पालघरात खोली मिळाली नाही म्हणून बोईसरला राहायचो. मधे एक उमरोळी गेलं की पालघर. तेवढ्या प्रवासात वह्या तपासून होत.

शाळेच्या प्रयोगशाळेत दोन कपाटं होती. डावीकडच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं ‘वनस्पतिसृष्टी’, उजवीकडच्यावर ‘प्राणिसृष्टी’. तिसरं कपाट नव्हतं, आणि तिसऱ्याची गरज पडेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या काळात जग तेवढंच होतं. जिवंत आहे ना? मग एक तर झाड, नाही तर जनावर. पाठ्यपुस्तकात तसं होतं, मला शिकवणाऱ्यांनी तसं शिकवलं होतं, आणि मी ते पोरांच्या डोक्यात खिळे ठोकावेत तसं ठोकत होतो. किनाऱ्यावरच्या दातिवरे गावातल्या एका मुलानं जाळ्यात आलेला स्पंज आणला तेव्हा मी तो आधी डावीकडे ठेवला, मग पुस्तक उघडून मुकाट्यानं उजवीकडे हलवला. मुरबे गावच्या एकानं पोवळ्याची फांदी आणली. फांदी म्हणून तीही डावीकडे, मग उजवीकडे. मुलं गालात हसली. पाण्यातला एक हिरवा एकपेशी जीव तर पानासारखं अन्न तयार करायचा आणि माशासारखा पोहायचाही. त्याचं चित्र मी दोन्ही कपाटांवर चिकटवलं आणि विषय संपवला. अडलं की असं काहीतरी करून मोकळं व्हायचं आणि वर ‘शास्त्र’ म्हणायचं, हे मी त्या वयात फार लवकर शिकलो.

अळंबी मात्र अडली नाही. ती डावीकडे. अपुष्प वनस्पती, बुरशीच्या गटातली. पुस्तकात दीड ओळ होती.

माझ्या खोलीला लागून शिवराम राहायचे. तारापूरला फिटर. माणदेशातले. त्यांची बायको शालन, मी वहिनी म्हणायचो, आणि तीन वर्षांची बेबी. मधली भिंत म्हणजे कुडाला शेण-मातीचा गिलावा. वहिनींनी डाळीला फोडणी दिली की शिंक मला यायची. एकट्या माणसाला भिंतीपलीकडच्या संसाराची किती सोबत असते, ते मला तेव्हा कळत नव्हतं. महिन्यातून आठ-दहा वेळा तरी एक झाकलेली वाटी माझ्या उंबऱ्यावर येई. "भावजी, वाईच चाखून बघा," एवढंच. मी रिकामी वाटी परत देताना काही देऊ शकत नसे, म्हणून ज्ञान देत असे. ढग कसे बनतात, दूध का नासतं, बेबीचे दुधाचे दात का पडणार. त्या भाकरी थापता थापता ऐकायच्या. मधेच असा प्रश्न टाकायच्या की माझी बोबडी वळायची.

पाऊस त्यांना नवा होता. "आमच्याकडं ढग येत्यात आन् माणसं मोजून जात्यात," असं त्या म्हणायच्या. इथला चार चार दिवस न थांबणारा पाऊस बघून आधी त्या हरखल्या, मग कंटाळल्या, आणि मग रानभाज्यांनी त्यांना पुन्हा हरखवलं. शेवळं, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब. हे सगळं त्यांना दाखवलं लाडकीनं. लाडकी डोंगरातली वारली बाई. सूर्या नदीच्या पलीकडून कुठून तरी पायी यायची आणि स्टेशनबाहेर चिंचेखाली बसायची. तिच्या तोंडी सगळ्यांना अरे-तुरे. स्टेशनमास्तरलाही तू, मलाही तू. शेवळं विकताना ती प्रत्येकाला सोबत काकडाची फळं द्यायचीच. "ही घाल, नायतर घसा खाजंल. नुसती देनार नाय मी." भाजी विकायची तर तिचा उताराही विकायचा, असा तिचा धंदा.

आषाढात तिनं पहिल्यांदा अळंबी आणली. सागाच्या पानात मांडलेले लहान लहान वाटे. वारुळावर उगवलेली. वहिनींनी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात केली आणि एक वाटी माझ्याकडे आली. चव अशी, की मी दोन घास खाऊन थांबलो आणि विचारलं, "वहिनी, मटण आहे?"

त्या खुदकन हसल्या. पण तो शब्द त्यांच्या मनात रुतला असणार, कारण श्रावण लागला तसा प्रश्न आला. मी ओसरीवर वह्या घेऊन बसलो होतो. त्या दारात उभ्या.

"भावजी, एक इचारू का? ती अळंबी. तिला वास मटनाचा, चव मटनाची. ती श्रावणात चालंल का? म्हंजी ती झाड हाय का जनावर?"

आहाहा. माझा विषय. कुणी तरी मला माझा विषय विचारत होतं, आणि तेही परीक्षेसाठी नव्हे. मी पेन खाली ठेवलं. जगात दोनच घरं आहेत, वहिनी, मी सुरुवात केली. एक झाडांचं, एक जनावरांचं. जे चालतं, फिरतं, खातं ते जनावर. जे एका जागी उभं राहतं ते झाड. अळंबी हलते का? नाही. मग ती वनस्पती. आंबा जसा, भात जसा, मेथी जशी.

"पर तिला हिरवा रंग न्हाई. पानं न्हाईत. मग ती खाती काय?"

"कुजलेलं लाकूड, पाला, मेलेलं काहीबाही."

"मेलेलं खाती?" त्यांनी डोळे मोठे केले. "आन् झाड म्हणता?"

आज सांगतो, त्या ओसरीवर त्या क्षणी आम्हा दोघांत जीवशास्त्रज्ञ एकच होता, आणि तो मी नव्हतो. भाकरीचं पीठ हाताला लागलेली ती बाई नेमकं तेच विचारत होती, जे पुढं मोठमोठ्या विद्वानांनी विचारलं. पण माझ्यापाशी पुस्तक होतं. मी म्हणालो, "पुस्तकात तसं आहे. बिनधास्त खा. त्यात पाप नाही. सगळी एका घरातलीच."

"तुमी म्हणताय तर झालं."

हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. मला मात्र ते मेडलसारखं वाटलं आणि मी त्या दिवशी दोन वह्यांना उगाचच जास्त मार्क दिले.

लाडकीलाही मी एकदा छेडलं होतं. मुलांना सांगायला गंमत होईल म्हणून. "लाडके, अळंबी झाड की जनावर?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होती, या माणसाला पगार कोण देतं.

"ती अळंबी हाय."

"ते खरं. पण झाड की जनावर?"

"झाड झाड हाय. जनावर जनावर हाय. ती अळंबी हाय, गुरजी. घ्यायची तर घे."

मी वर्गात तो किस्सा रंगवून सांगितला. अडाणी माणसं नाव देतात, वर्ग पाडत नाहीत, असा त्यातून धडाही काढला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी. मुलं हसली. डोंगराकडची दोन मुलं हसली नाहीत, ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

श्रावणातला तो दुसरा सोमवार. त्या आधीचे चार दिवस पाऊस असा कोसळला होता की नदीनं वाट अडवली. शिवाय डोंगरात भाताची लावणी चालू. लाडकी काही आली नाही. चिंचेखालची तिची जागा पाण्यानं भरली होती. वहिनींचा सोमवार होता. दिवसभर उपास, संध्याकाळी सोडायचा. शिवराम दुसऱ्या पाळीला गेले होते. संध्याकाळी मी शाळेतून परतलो तर वहिनी सूप घेऊन ओसरीवर बसलेल्या, आणि सुपात पांढरीशुभ्र अळंबी.

"लाडकी आली वाटतं," मी म्हणालो.

"न्हाई वं. मीच आनली. गोदामाच्या मागं बांबूच्या बेटाखाली नुसती पेरल्यागत उगवल्यात. बघा तरी!"

त्यांच्या आवाजात नवलाई होती. जिच्या गावात ओढ्यालाही पाणी नाही, तिला रानानं आपण होऊन काही दिलं होतं. मी जवळ गेलो. एक उचललं. उलटं करून पाहिलं. टोपीखालच्या पातळ पांढऱ्या पट्ट्या, दांड्याभोवती कडं, आणि बुडाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी वाटी. पुस्तकातल्या आकृतीत होतं तस्संच. इतका नमुनेदार नमुना मी कॉलेजातही पाहिला नव्हता.

"वा! काय टपोरी आहेत. वहिनी, एक मला द्या. उद्या वर्गात दाखवतो."

त्यांनी सुपातलं सगळ्यांत मोठं निवडून मला दिलं. बाकीची पाण्यात टाकली.

मी एकच मागितलं. इतक्या वर्षांत या एका आकड्याभोवती मी किती फेऱ्या मारल्या असतील. दहा मागितली असती तर त्यांनी दिली असती. सगळी मागितली असती तरी दिली असती. माझ्या शास्त्राचा त्यांना तेवढा मान होता.

त्या दिवशी वाटी माझ्याकडे आली नाही, कारण रात्री मी शाळेतल्या एका सहकाऱ्याकडे जेवायला गेलो होतो. बेबीनं दूधभात खाल्ला. शिवरामांना अळंबीचा वासच सोसत नसे. वहिनींनी एकटीनं सोमवार सोडला.

सकाळी भिंतीपलीकडून उलट्यांचा आवाज आला. मी दारातून विचारलं. शिवराम म्हणाले, "पित्त झालंय. उपासाचं." मला तेच खरं वाटलं. मी डब्यात ते अळंबं जपून ठेवलं आणि गाडी गाठली. आणि मग, ज्या वेळी ती बाई खोलीत पोट धरून गडबडा लोळत होती त्या वेळी, मी पालघरला फळ्यावर रंगीत खडूंनी तिच्याच सुपातल्या अळंब्याची आकृती काढत होतो. टोपी. पट्ट्या. कडं. दांडा. वाटी. प्रत्येक भागाला बाण, प्रत्येक बाणाला नाव. वर ठळक अक्षरांत ‘वनस्पतिसृष्टी’. मुलांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. मला ती सगळी नावं येत होती. त्यातलं कडं आणि वाटी एकत्र दिसली की हात मागे घ्यायचा असतो, एवढं मात्र कुठल्या बाणाच्या टोकाला लिहिलेलं नव्हतं. तास संपल्यावर मी ते अळंबं खिडकीबाहेर टाकलं आणि हात पुसले.

परतलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, दवाखान्यात नेलं. मी धावत गेलो. पांढऱ्या चादरीवर त्या चिमून गेल्या होत्या, हाताला सलाईन. डॉक्टर वयस्क, शांत. काय खाल्लं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "कसली अळंबी?" त्यांनी विचारलं. आणि मी, बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, म्हणालो, "पांढरी."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, वहिनी उठून बसल्या. हे मला आजही सहन होत नाही. उलट्या थांबल्या होत्या. चहा मागितला. बेबीला जवळ घेऊन तिचे केस विंचरले. शिवराम माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले आणि पाळीला गेले, कारण खाडा झाला असता. मी शाळा बुडवून दवाखान्यात थांबलो होतो.

"भावजी, एक इचारू का," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "उलटीत समदं पडलं. मग माझा सोमवार धरला का गेला?"

"धरला," मी म्हणालो. "तुम्ही आधीच सोडला होता ना? मग धरला."

"तुमी म्हणताय तर झालं."

दुपारी पाऊस उघडला म्हणून मी चाळीकडे आलो, तर चिंचेखाली लाडकी. नदी उतरली होती. तिच्यापुढे सागाच्या पानांत अळंबीचे वाटे. मला ते पाहवेना. मी तिला झाला प्रकार सांगितला. ती उठून उभी राहिली.

"कशी होती? मला दाव."

दाखवणार काय? माझ्या खिशात खडूचा तुकडा होता. मी बाकड्याच्या फळीवर आकृती काढली, कालच्याइतकीच नेटकी. ती वाकून बघत राहिली. मग तिनं आपल्या वाट्यातलं एक उचलून माझ्यासमोर धरलं. त्याच्या बुडाशी वाटी नव्हती. लांब, निमुळतं मूळ होतं, खाली वारुळात शिरणारं.

"ह्यो शेपूट बग. शेपूट पायजे. वाटी नाय पायजे." तिनं माझ्या आकृतीतल्या वाटीवर बोट टेकवलं. "ही हाय तिला? खरंच हाय?"

"हाय," मी म्हणालो. माझ्याही तोंडून तिचाच शब्द निघाला.

"आता बरं वाटतंय तिला? उठून बसली?"

"हो. चहा घेतला."

"हां," ती म्हणाली. "तसंच वाटतं. माज्या आतेच्या पोरालापन वाटलेलं. एक दीस."

"आणि मग?"

लाडकीनं टोपली आवरायला घेतली. "मी सांगलेलं तिला, मी आनीन तीच घे," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "दुसरी घेऊ नको, सांगलेलं मी. मंग तिनं का घेतली, गुरजी?"

उत्तर मला ठाऊक होतं. वहिनींना कुणी तरी सांगितलं होतं की सगळी एका घरातलीच.

मी परत दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वाटी, कडं, लाडकीच्या आतेचा मुलगा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "यकृत धरतं ते. माझ्यापाशी उतारा नाही. मुंबईला नेलंत तरी तिथंही हेच सलाईन लावतील. पण न्यायचं तर न्या, मी चिठ्ठी देतो." मी विचारलं, काहीच नाही? ते म्हणाले, "वाट बघायची." गुरुवारी वहिनींचे डोळे पिवळे झाले. ठेकेदाराच्या जीपमधून त्यांना मुंबईला नेलं, मी बेबीला घेऊन चाळीत राहिलो. शनिवारी जीप परत आली. सगळ्या चाळीत त्या दिवशी चूल पेटली नाही. बेबी माझ्या मांडीवर बसून शेजारच्या भिंतीकडे तोंड करून हाका मारत होती आणि मला तिला गप्प कसं करायचं ते येत नव्हतं.

पुढं काय झालं ते शास्त्राचं सांगतो, कारण माझ्यापाशी सांगण्यासारखं तेवढंच आहे. ते दशक सरता सरता दूर देशी कुणा विद्वानानं मांडलं की दोन सृष्टींत सगळे जीव बसत नाहीत, पाच कराव्या लागतील. अगदी साध्या पेशीच्या जिवाणूंची एक, पाण्यातल्या त्या धड-इकडे-ना-तिकडे एकपेशी जिवांची एक, वनस्पतींची, प्राण्यांची, आणि एक स्वतंत्र सृष्टी कवकांची. बुरशी, यीस्ट, अळंबी. ती झाडं नाहीत. ती स्वतः अन्न तयार करत नाहीत, बाहेरचं पचवून शोषून घेतात. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे यायला आणखी कितीतरी वर्षं लागली. वरातीमागून घोडं. आणि उतारवयात तर मी असंही वाचलं की अळंबीचं जवळचं नातं झाडांशी नाहीच, प्राण्यांशी आहे. मटणाची चव लागते म्हणून विचारात पडलेली ती बाई! तो अंक मी मिटून ठेवला आणि बायकोला म्हणालो, जरा फिरून येतो. त्या दिवशी मी कुठवर चालत गेलो, मला आठवत नाही.

मुलांना मी पाच सृष्टी शिकवल्या. चांगल्या शिकवल्या. आता म्हणे पाचही पुरत नाहीत, पुरू नयेतच. शास्त्राचं हेच भलं आहे, ते आपली चूक मान्य करून पुढचं पान उलटतं. त्याला कुणाच्या घरी जाऊन सांगावं लागत नाही. माणसाचं तसं नाही. मला ज्या पानावर चूक झाली ते पान उलटताच येत नाही. मी विष दिलं नाही, हे मला कळतं. मला कुणी विषाचं विचारलंही नव्हतं. विचारलं होतं ते पापपुण्याचं, आणि मी उत्तर दिलं ते झाड-जनावराचं. तिच्या प्रश्नात मला माझा प्रश्न दिसला. उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं, आणि तरी.

आता एवढंच राहिलं. दहावा दिवस.

शिवरामांची आई आणि थोरला भाऊ गावाहून आले होते. म्हातारी आल्यापासून एकच बोलत होती. श्रावणात नको ते खाल्लं, सोमवार बाटवला, म्हणून देवानं नेली. रडता रडता बोलत होती. वाईट नव्हती बाई. पण शिवराम प्रत्येक वेळी ते ऐकून खाली बघत, आणि मी भिंतीअलीकडून ऐकत होतो.

ओढ्याकाठी पिंपळाखाली पिंड ठेवले. पाऊस भुरभुरत होता. फांदीवर चार-पाच कावळे भिजून पंख मिटून बसले होते आणि एकही खाली यायला तयार नव्हता. थोरला भाऊ हात जोडून म्हणाला, "शालन, पोरीची काळजी करू नगंस. आमी सांभाळू." कावळे हलले नाहीत. शिवराम म्हणाले, "तुजी माळ पोरीलाच देईन. कुनाला देणार न्हाई." कावळे हलले नाहीत. पाऊण तास गेला. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, चालतं तसं. तेव्हा शिवराम चिखलातून माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे असे झाले होते की त्यांत बघवत नव्हतं.

"मास्तर, तिला तेच लागून राह्यलंय. सोमवार बाटला म्हनून. तुमी सांगा तिला. तुमचं ती ऐकायची."

मी पुढं झालो. चप्पल काढली. सगळे बाजूला सरले. मला माहीत होतं मी काय सांगायला हवं. वहिनी, ते मी हातात घेतलं होतं. उलटं करून पाहिलं होतं. वाटी पाहिली होती. वा म्हणालो होतो. शिवरामांना हे ठाऊक नव्हतं; डॉक्टरांना आणि लाडकीला सोडून कुणालाच नव्हतं. शिवराम माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी हात जोडले आणि वर्गात बोलतो तशा स्पष्ट आवाजात म्हणालो, "वहिनी, ती वनस्पतीच होती. तुमचा सोमवार मोडलेला नाही."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, तसं ते झालं. भुरभुर थांबली होती, पाखरं भुकेली होती. याहून जास्त काही मी त्यात वाचत नाही, आजही नाही. एक कावळा उतरला, दोन उड्या मारत आला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. थोरल्या भावानं डोळे पुसले. आणि शिवराम, चिखलानं भरलेल्या पायांनी, माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून कपाळाला लावले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्यामुळं सुटली ती."